चाला म्हणायचे ते कोणाला?

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मुकुटबन लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी या आदिवासीबहुल तालुक्यातले हे मोठे गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, २०२२ मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना, मग कापूस, तूर, सोयाबीनची शेते आणि त्यापलीकडे कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या. दोन-चार कोसांच्या परिघात इथे दोन अगदी वेगळ्या प्रकारे जगणाऱ्या बायका भेटतात. एक दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दिवसभर कमरेत वाकून कापूस वेचते. ओटी भरली की बांधावर रिकामी करते आणि पुन्हा तासात शिरते. दुसरीचा नवरा नोकरीत किंवा धंद्यात आहे. तिच्याकडे गॅस, मिक्सर, नळ, स्कूटी सगळे आहे, आणि दिवस घराच्या चार भिंतींत जातो. रक्तदाब दोघींचा वाढतो. शुगरही दोघींना निघते. सल्लाही दोघींना एकच मिळतो: गोड सोडा, तेल-मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला.

सल्ला खोटा नाही. पण सल्ला देणे आणि कार्यक्रम चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनातून सर्वांत ठळकपणे समोर येते ते हेच, आणि आपल्या आरोग्ययंत्रणेने सर्वांत कमी मनावर घेतले तेही हेच.

जीवनशैली बदलून मधुमेह टाळता येतो की नाही, हा वाद संपून बरीच वर्षे झाली. चीनमधल्या दाछिंग शहरात १९८६ मध्ये, साखर वाढू लागलेल्या पण मधुमेह न झालेल्या ५७७ जणांवर प्रयोग सुरू झाला. काहींना आहाराचे, काहींना व्यायामाचे, काहींना दोन्हींचे मार्गदर्शन सहा वर्षे मिळाले. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा या लोकांचा मधुमेह सरासरी चार वर्षे पुढे ढकलला गेला होता आणि हृदयविकार व पक्षाघातही त्यांच्यात कमी होते. फिनलंडने २००१ मध्ये आणि अमेरिकेने २००२ मध्ये आपापल्या चाचण्यांचे निकाल दिले. दोन्हीकडे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. अमेरिकेतल्या चाचणीत मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्के घट झाली, म्हणजे चालणे-खाणे गोळीच्या पुढे गेले. त्या चाचणीतल्या ३,२३४ जणांपैकी दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या.

हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. त्यामागची मेहनत मात्र सांगितली जात नाही. अमेरिकेत प्रत्येक व्यक्तीला पहिल्या सहा महिन्यांत सोळा पाठ समोरासमोर बसून दिले गेले. तिच्यासाठी एक ठरावीक माणूस नेमलेला होता. वजन सात टक्के उतरवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे ही उद्दिष्टे होती, आणि ती का गाठली गेली नाहीत हे तो माणूस दरवेळी विचारत होता. म्हणजे तिथे यश आले ते कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारत राहिल्यामुळे. त्या सोळा पाठांचे एक माहितीपत्रक करून बाजाराच्या दिवशी वाटले, तर ५८ टक्के हा आकडा त्याच्यासोबत येत नाही.

भारतात पहिली मोठी चाचणी चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केली. तिचे निकाल २००६ मध्ये आले. जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. काहीही न केलेल्या गटात तीन वर्षांत निम्म्याहून अधिक लोक मधुमेही झाले, इतकी आपल्या लोकांची वाटचाल वेगवान आहे. यात एक गोष्ट आशा वाढवणारी होती. वजन फारसे न उतरताही फायदा झाला. पण सहभागी ५३१ जणांत स्त्रिया होत्या ११०. पुढे मोबाइलच्या लघुसंदेशांतून मधुमेह टाळण्याचा जो प्रयोग गाजला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले सगळे ५३७ जण नोकरदार पुरुष होते. संदेशांनी मधुमेह टळतो हे वाक्य त्या प्रयोगावरून घेऊन आपण गावातल्या बाईला लावतो. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिथे तो संदेश कोण वाचणार?

स्त्रिया निम्म्याच्या जवळपास असलेली चाचणी केरळमध्ये झाली. तिथे ६० मतदान क्षेत्रांत गावातल्याच लोकांनी गट चालवले. २०१८ मध्ये आलेल्या निकालात सवयी सुधारल्याचे दिसले, पण दोन वर्षांत मधुमेह झालेल्यांच्या संख्येत ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. आणि केवळ स्त्रियांसाठी, तेही सर्वाधिक धोक्यातल्या स्त्रियांसाठी केलेला प्रयोग म्हणजे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली भारत, बांगलादेश, श्रीलंकेतली चाचणी. गरोदरपणात साखर वाढलेल्या १,६०१ महिला, १९ शहरी रुग्णालये, चार गट-बैठका आणि वर्षभर फोनवर संदेश. ज्यांची साखर आणखी बिघडली त्यांचे प्रमाण कार्यक्रमातल्या गटात २५.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २७.१ टक्के निघाले. फरक नाहीच म्हटले तरी चालेल. कोरोनाचा काळ आडवा आला हे खरे. पण मांडीवर तान्हे मूल असलेल्या बाईला चार बैठका आणि फोनवरचे संदेश पुरत नाहीत, हेही तितकेच खरे. अशा निकालांची चर्चा आपल्याकडे होत नाही. ती व्हायला हवी, कारण आपले बहुतेक सरकारी आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीतले उपक्रम याहूनही पातळ असतात.

मग दाट कार्यक्रम कसा असतो? बांगलादेशातल्या फरिदपूर जिल्ह्यात ९६ गावांत एक चाचणी झाली. काही गावांत मोबाइलवर ध्वनिसंदेश पाठवले. काही गावांत स्त्रियांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे गट करून दीड वर्ष दरमहा बैठका घेतल्या. त्या बैठकांत व्याख्यान नव्हते. आपल्या गावात ही अडचण का आहे, कोणती आधी सोडवायची, कोण काय करणार, हे बायकाच ठरवत. बायकांना रस्त्यावर चालायला लाज वाटते हे पुढे आले, मग त्या जथ्याने निघू लागल्या. २०१९ मध्ये निकाल आला तेव्हा संदेशांचा मधुमेहावर परिणाम दिसला नाही. बैठकांच्या गावांत मात्र मधुमेह आणि त्याची पूर्वावस्था दोन्ही बरीच कमी होती. एका चाचणीवरून सगळीकडे तसेच होईल असे मानू नये. पण ही पद्धत आपल्या मातीत आधीच रुजलेली आहे. झारखंड-ओडिशाच्या आदिवासी गावांत ‘एकजूट’ या संस्थेने अशाच बैठकांतून नवजात बालकांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करून दाखवले होते. त्या बायकांत आणि झरी-जामणीतल्या बायकांत अंतर फार नाही.

रक्तदाबाच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. आंध्र प्रदेश आणि केरळमधल्या खेड्यांत आशा कार्यकर्त्यांनी रक्तदाब असलेल्या लोकांच्या पंधरवड्याला एक अशा तीन महिने बैठका घेतल्या. रक्तदाबाचा वरचा आकडा, बैठका न झालेल्या गावांच्या तुलनेत, सरासरी पाचेक अंकांनी अधिक उतरला. पाच अंक म्हणजे काय, असे वाटेल. गावभराचा रक्तदाब पाच अंकांनी उतरणे म्हणजे लकवा मारून खाटेवर पडणारी कितीतरी माणसे वाचणे. विदर्भात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सातांतला एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भागाला आपण मलेरिया आणि कुपोषणाचा म्हणून ओळखतो, तिथे मृत्यूचे पहिले कारण लकवा निघाले.

मीठ हा रक्तदाबातला सर्वांत स्वस्त उपाय. पाश्चात्त्य देशांत मीठ पाकिटातून येते. आपल्याकडे ते बहुतांशी घरच्या स्वयंपाकातून येते, म्हणजे मिठाचा डबा बाईच्याच हाताखाली असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आपण सरासरी ८ ग्रॅम किंवा त्याहून अधिक खातो. झरी-मुकुटबनकडे ठेचा, लोणचे, खारवलेली मिरची, वड्या, पापड यांचे मीठ वेगळे. वरणभात-भाकरीत भाजी कमी असली की तोंडी लावणे वाढते, आणि तोंडी लावणे वाढले की मीठ वाढते. म्हणून गरीब घरात मीठ कमी करा असे नुसते सांगून भागत नाही. ताटात भाजी यावी लागते. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या मिठाचा चौथा हिस्सा काढून त्या जागी पोटॅशियमचे मीठ घातले. पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे असे मीठ मिळते ते महाग, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते चालत नाही. तरी रेशनच्या मिठाबद्दल या अंगाने विचार व्हावा इतका तो पुरावा भक्कम आहे.

रेशनचा विषय निघालाच आहे तर धान्याबद्दलही बोलायला हवे. भारतीय आहारात ६० टक्क्यांहून अधिक ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने दाखवले. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन आणि कापसाने खाल्ले. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण खाणाऱ्या घरात रेशनचा तांदूळ आणि गहू आला. पोट भरले, हे मोठेच काम झाले. पण ताट पांढरे झाले. बाई सर्वांत शेवटी जेवते, तेव्हा भाजी संपलेली असते आणि भात उरलेला असतो. उरलेले टाकवत नाही म्हणून तीच तो संपवते. आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात हा भात कुठेच नसतो.

मराठी घरांत २०१८-१९ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोनदाच जेवा या पद्धतीची मोठी लाट आली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा, म्हणजे विदर्भातलाच. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे थोड्या थोड्या वेळाने खा. लग्नाच्या पंगतीतही यावर वाद झडत. आहाराबद्दल इतके लोक गंभीरपणे बोलू लागले, हे श्रेय दीक्षितांना द्यावेच लागेल. पण हा वाद ज्यांना काय खायचे, किती वाजता खायचे हे स्वतः ठरवता येते त्यांचा होता. सकाळी सातला डबा घेऊन वेचणीला जाणाऱ्या बाईला दोनदाच जेवा असे सांगावे लागत नाही.

आता मुकुटबनच्या बाईसाठी काय, या प्रश्नाकडे येऊ. आयसीएमआरच्या पाहणीनुसार २०११ च्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मधुमेहाचे प्रमाण ६.५ टक्के होते, शहरी भागात १०.९ टक्के. २०२३ मध्ये आलेल्या देशपातळीवरच्या अंदाजात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी पूर्वावस्थेत. खाणी आणि कारखाना आलेले मुकुटबनसारखे गाव या दोन जगांच्या मधोमध उभे आहे.

सरकारी कार्यक्रम आहे. २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २०१७ पासून तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल, घरात कोणाला आजार, असे सहा प्रश्न. चारच्या वर गुण गेले की तपासणीला प्राधान्य. फॉर्म साधा आहे, म्हणूनच चालतो. पण त्यातल्या दोन त्रुटी या भागात लगेच लक्षात येतात. हालचालीचा प्रश्न आठवड्याचा आहे. वेचणीतल्या बाईला डिसेंबरात विचारले तर तिच्या धोक्याचा गुण शून्य, एप्रिलमध्ये विचारले तर शेतात काम नाही, उन्हामुळे घराबाहेर पडणे नाही. तिची हालचाल हंगामी आहे, रक्तदाब मात्र बारमाही. तिला चाला म्हणायचे असेल तर फाल्गुन ते ज्येष्ठ हे महिने धरायला हवेत. वेचणीच्या दिवसांत तिला चालण्याची नव्हे, दुपारी पोटभर डाळ-भाजीची आणि रात्री झोपेची गरज असते.

दुसरी त्रुटी जास्त गंभीर आहे. या सहा प्रश्नांत बाळंतपण नाही. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली असतील (प्री-एक्लॅम्प्सिया), तर पुढे कायमच्या रक्तदाबाचा धोका जवळजवळ चौपट. म्हणजे कोणत्या बाईला आजार होणार हे शरीर वीस-बावीसाव्या वर्षीच सांगून टाकते, आणि आपण ती तीस वर्षांची होईपर्यंत थांबतो. गरोदरपणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासायची आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले आहे. पण पहिले बाळंतपण माहेरी होते. नोंद सासरच्या आशाताईकडे, बाळंतीण माहेरच्या गावात. सहा आठवडे पुरे होतात तेव्हा ती डिंकाचे आणि मेथीचे लाडू खात असते आणि सगळे बाळाच्या लसीबद्दल विचारतात. सासरी परत येईपर्यंत दोन्हीकडच्या रजिस्टरांत तिच्या साखरेची ओळ बंद झालेली असते. इथे नवा निधी किंवा नवे यंत्र लागत नाही. बाळाच्या लसीच्या दिवशी आईचीही साखर आणि रक्तदाब पाहायचा, एवढा एक नियम पुरे. बाळाचे लसीकरण कार्ड दोन्ही गावांत फिरते. त्यावरच आईची ओळ का नसावी?

याहूनही आधी हात घालता येतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. मुंबईच्या वस्त्यांत २००६ मध्ये ‘सरस’ हा प्रयोग सुरू झाला. लग्न झालेल्या, मूल होऊ शकेल अशा साडेसहा हजारांवर बायकांत दोन गट केले. एका गटाला गरोदर राहण्याआधीपासून रोज हिरवी पालेभाजी, फळे आणि दूध यांचा एक खाऊ दिला, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. गरोदरपणी ज्यांची साखर तपासता आली, त्यांत पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायकांना मधुमेह निघाला. ना डाएट, ना जिम. रोजचा मूठभर हिरवा खाऊ, तोही समोर बसवून. आंबाडी, चवळी, शेवगा, तरोटा ज्या भागात बांधावर उगवतो, तिथे हा प्रयोग अंगणवाडीत का करू नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेत आले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांच्या हाडामांसात वजन कमी आणि चरबी तुलनेने टिकलेली. आईच्या पोषणाची ही शिदोरी पुढच्या पिढीच्या साखरेपर्यंत जाते. त्यामुळे हाडकुळ्या दिसणाऱ्या बाईला तुला कसली शुगर म्हणून परत पाठवणे चूक आहे. कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका मोजायला लागावे, मग वजन काही का असेना.

तपासणीबद्दल एक इशारा. शिबिरांत हल्ली तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणी लोकप्रिय आहे. विदर्भात सिकलसेल आहे, आणि रक्तक्षय तर बहुसंख्य बायकांत. लोह कमी असले की या चाचणीचा आकडा उगाच वर जाऊ शकतो, सिकलसेलमध्ये तो फसवा येऊ शकतो. इथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची साखरच धरावी. तशीच चूक तंबाखू-सुपारीच्या खर्र्याबद्दल होते. तो पुरुषांचाच असे धरून बायकांना विचारलेच जात नाही. वेचणीच्या तासात खर्रा, तपकीर, गुडाखू बायकाही वापरतात, भूक आणि थकवा मारण्यासाठी. निकोटिन रक्तदाब चढवते. प्रश्न विचारताना सासू समोर नको, इतकी काळजी घेतली तरी उत्तर मिळते.

‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम राज्याने २०२२ च्या नवरात्रात काढली, केंद्राने २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’. लाखो बायका तपासल्या गेल्या, हे चांगलेच झाले. पण पंधरा दिवसांची मोहीम आजार शोधते, टाळत नाही. टाळण्यासाठी दीड-दोन वर्षे तेच चेहरे पुन्हा भेटावे लागतात. मुकुटबनमध्ये असे भेटणे आजही होते, ते बचत गटात. हप्ता भरायला बायका दरमहा जमतात, एकमेकींना ओळखतात, कोण आले नाही हे त्यांना ठाऊक असते. आशाताईने त्याच बैठकीत कफ बांधून रक्तदाब पाहावा, कमरेची फीत फिरवावी, महिन्याचा एक प्रश्न गटाने घ्यावा. या कामाचे तिला वेगळे मानधन मिळालेच पाहिजे. तिच्या माथी आणखी एक रजिस्टर मारून हे होणार नाही. पोडांवर बचत गट विरळ आहेत, तिथे फिरते पथक आणि तिथलीच एखादी बाई लागेल. कारखान्याच्या आणि खाणींच्या सामाजिक निधीतून एका दिवसाची दहा शिबिरे घेण्याऐवजी दोन वर्षांच्या बैठकांना पैसा दिला, तर तो अधिक सार्थकी लागेल.

तुमच्या घरात, शेजारात, मळ्यावर कामाला येणाऱ्या बायकांत जिला गरोदरपणी बीपी वाढले होते किंवा शुगर निघाली होती, तिला या महिन्यात उपकेंद्रात घेऊन जा. वय तीस झाले नाही म्हणून परत पाठवले, तर बाळंतपणाचे कार्ड दाखवा आणि तपासणी करूनच या. आणि पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, पुन्हा न्या.